विमानातून दगड वाचताना : गॅमा सर्वेक्षणाचा नकाशा पहिल्यांदाच हाती आलेल्यांसाठी

१९६९ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, आजच्या काकडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, गॅमा किरण मोजत फिरणाऱ्या विमानाच्या नोंदीत काही ठळक उंचवटे उमटले. मग माणसे पायी गेली, भोके पाडली, आणि तिथे रेंजरची युरेनियम खाण उभी राहिली. ती पुढे सुमारे चार दशके चालली. सहा वर्षांनी, १९७५ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिम्पिक डॅमचा साठा सापडला. हा युरेनियमचा जगातला सर्वांत मोठा ज्ञात साठा. पण त्याच्यावरून गॅमा मोजणारे विमान शंभर वेळा नेले असते तरी काही दिसले नसते, कारण तो ३०० मीटरहून जाड अशा इतर खडकांखाली गाडलेला आहे. तो सापडला गुरुत्व आणि चुंबकीय नकाशांच्या आधाराने.

पुढचे सगळे वाचताना ही जोडी डोक्यात ठेवा. हवाई गॅमा सर्वेक्षण जमिनीच्या पोटात डोकावत नाही. नकाशावर जे उमटते ते वरच्या साधारण ३० ते ४५ सेंटीमीटरमधून आलेले असते. त्याखालून निघालेले किरण वरची माती आणि दगडच शोषून घेतात. म्हणजे तुम्ही ज्याला खडकाचा नकाशा म्हणता तो खरे तर जमिनीच्या कातडीचा नकाशा आहे. कातडीवरून आतल्या हाडाबद्दल अंदाज बांधायचा, हे आपले काम.

विमान नेमके काय मोजते

निसर्गातल्या बहुतेक गॅमा किरणांचे उगम तीनच : पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम. पोटॅशियमचा फक्त ०.०१२ टक्के भाग, म्हणजे पोटॅशियम-४०, किरणोत्सर्गी असतो. पण पोटॅशियम स्वतःच खडकात टक्क्यांच्या हिशेबाने असल्यामुळे तेवढाही पुरतो. युरेनियम आणि थोरियम मात्र पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत दोन-चार किंवा दहा-वीस भाग.

विमानात सोडियम आयोडाइडचे मोठे स्फटिक पेटीत बसवलेले असतात. एक स्फटिक ४.२ लिटरचा, एका पेटीत चार, म्हणजे १६.८ लिटर. मोठ्या सर्वेक्षणात अशा दोन पेट्या. गॅमा किरण स्फटिकावर आदळला की बारीकशी चमक होते, आणि चमकेच्या तीव्रतेवरून किरणाची ऊर्जा कळते. दर सेकंदाला ह्या ऊर्जांचा एक आलेख साठवला जातो. त्यावर आपण तीन खिडक्या ठेवतो : पोटॅशियमसाठी १.४६ एमईव्हीच्या (हे किरणाची ऊर्जा मोजायचे एकक) आजूबाजूला, युरेनियमसाठी १.७६ च्या आणि थोरियमसाठी २.६१ च्या आजूबाजूला.

इथे पहिली गोम. युरेनियमच्या खिडकीतला किरण युरेनियम सोडतच नाही. तो सोडतो बिस्मथ-२१४, म्हणजे युरेनियमच्या विघटन-साखळीतला बराच खालचा वंशज. थोरियमच्या खिडकीत थॅलियम-२०८ बोलतो. नातवंडे मोजून आजोबांचा अंदाज करण्यासारखेच हे. साखळी न तुटता समतोलात असेल तर हिशेब बरोबर येतो. पण भूजलाने युरेनियम विरघळवून नेला आणि साखळीतला त्याचा वंशज रेडियम मागे राहिला, तर नकाशा युरेनियम दाखवेल आणि प्रयोगशाळेत तो मिळणार नाही. उलटही होते. म्हणूनच युरेनियम आणि थोरियमच्या आधी नकाशावर छोटे ‘ई’ अक्षर असते. ते ‘समतुल्य’ ह्या अर्थाचे. नवखे लोक ते शोभेचे समजून अहवालात गाळतात. गाळू नका.

पहिली पायरी : रंगांआधी उड्डाणाचा अहवाल

ग्रिडची, म्हणजे चौकोनी घरांत मांडलेल्या आकड्यांची, फाइल उघडून लाल ठिपके शोधायचा मोह आवरा. आधी अहवालातल्या चार गोष्टी पाहा : विमान ज्या समांतर ओळींनी उडते त्यांच्यामधले अंतर, उंची, स्फटिकांचे आकारमान आणि उड्डाणाचे महिने.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून राष्ट्रीय हवाई भूभौतिकी नकाशांकनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात ओळींमधले अंतर ३०० मीटर आणि जमिनीपासूनची उंची ८० मीटर धरली आहे. अणु खनिज संचालनालय, म्हणजे हैदराबादचे एएमडी, तर १९५० च्या दशकापासून युरेनियमच्या शोधात विमाने उडवत आहे. ३०० मीटर अंतर म्हणजे काय, हे कागदावर काढून पाहा. दोन ओळींच्या मधोमध असलेली जागा दोन्हींपासून १५० मीटर लांब. ८० मीटर उंचीवरून स्फटिकापर्यंत पोहोचणारे बहुतेक किरण उंचीच्या दोन-तीन पट त्रिज्येच्या वर्तुळातून येतात, त्यामुळे मधली जमीन अगदीच सुटत नाही. पण तिथली दहा मीटर रुंदीची शीर आजूबाजूच्या शेताच्या सरासरीत विरघळून जाते. विमान सेकंदाला ६० मीटर जात असेल तर एकेक वाचन म्हणजे ६० मीटरचा ओढलेला ठसा.

उंचीचा ग्रिड स्वतंत्र उघडून बघाच. शंभरेक मीटर हवेत गॅमा किरण साधारण निम्मे होतात. प्रक्रियेत ह्याची दुरुस्ती होते, पण विमान २५०-३०० मीटरवर गेले असेल तर दुरुस्त करायला मुळात मोजणीच उरलेली नसते. सह्याद्रीच्या कड्यांसारख्या मुलखात साधे विमान कड्याची कड पकडून खाली उतरू शकत नाही, दरीवर ते उंचावरच राहते. तिथले रंग मी पेन्सिलीने खोडतो आणि पुढे जातो. अशा ठिकाणी हेलिकॉप्टरच हवे.

महिने का पाहायचे? आपल्याकडे पाऊस. मातीतला ओलावा दहा टक्क्यांनी वाढला की किरण जवळपास तितकेच घटतात. शिवाय पाऊस पडताना हवेतल्या रेडॉन वायूची पिल्ले, म्हणजे त्याच्या विघटनातून झालेली मूलद्रव्ये, धुऊन जमिनीवर येतात आणि युरेनियमची खिडकी खोटी उजळते. त्यांची अर्धायुष्ये अर्ध्या तासाच्या आतली, म्हणून सर थांबल्यावर तीनेक तास उडायचे नाही असा रिवाज आहे. भातखाचरात पाणी उभे असेल तर तिथे नकाशा काळाच येणार. त्याला भूविज्ञान समजू नका.

दुसरी पायरी : दुरुस्त्या कुठे चुकतात ते ओळखा

दुरुस्त्यांची यादी लांब आहे आणि ती कंत्राटदाराचे काम आहे. अवकाशातून येणारे किरण, विमानाच्या धातूतला किरणोत्सर्ग, यंत्राचा निष्क्रिय काळ, हे सगळे वजा होऊन येते. तुम्हाला सगळे करता यायची गरज नाही. पण दोन दुरुस्त्या समजल्या नाहीत तर तुम्ही फसाल.

पहिली, खिडक्यांमधली गळती. थोरियमकडून आलेला जास्त ऊर्जेचा किरण वाटेत धडका खात ऊर्जा गमावतो आणि खालच्या खिडक्यांत जाऊन पडतो. थोरियमच्या खिडकीत १०० मोजले तर युरेनियमच्या खिडकीत साधारण पंचवीस निव्वळ थोरियमचेच असतात. ते वजा करावे लागतात. किती वजा करायचे, हे पोटॅशियम, युरेनियम, थोरियमचे ठरावीक प्रमाण मिसळलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवर यंत्र ठेवून आधी ठरवतात. त्यातला आकडा जरासा चुकला तरी जिथे थोरियम भरपूर आहे तिथे युरेनियमचे भूत उभे राहते, किंवा युरेनियम ऋण येतो. थोरियम आणि युरेनियमचे नकाशे एकमेकांची झेरॉक्स वाटले की आधी इथे संशय घ्या.

दुसरी, रेडॉन. हा वायू युरेनियमच्याच साखळीतला. जमिनीतून निघून हवेत तरंगतो, आणि त्याचे वंशजही तोच बिस्मथ. पहाटे थंड हवा दरीत बसलेली असते तेव्हा रेडॉनही तिथेच साचतो. अशा वेळी उडालेल्या ओळी युरेनियमच्या नकाशावर शेजारच्या ओळींपेक्षा उजळ दिसतात. उपाय म्हणून एक छोटा स्फटिक आकाशाकडे तोंड करून बसवतात आणि दररोज सकाळ-संध्याकाळ एकाच ठरलेल्या ओळीवरून उडून पाहतात. तरीही काही उरतेच.

म्हणून सोपी कसोटी : युरेनियमचा नकाशा जरा दुरून बघा. उड्डाणाच्या दिशेने समांतर पट्टे दिसले तर ते पट्टे खडकाचे नाहीत. तिन्हींमध्ये युरेनियमचे आकडे मुळातच सर्वांत डळमळीत असतात, कारण मोजलेले किरण थोडे. २५ किरण मोजले तर ±५ ही निसर्गाचीच अनिश्चितता, म्हणजे वीस टक्के. २५०० मोजले तर ±५०, म्हणजे दोन टक्के. ह्याच हिशेबामुळे युरेनियमच्या एकट्या पिक्सेलवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. शेजारच्या ओळीवरही तो दिसायला हवा.

तिसरी पायरी : नकाशा स्वतः बनवा

सरावासाठी ऑस्ट्रेलियाची देशव्यापी गॅमा ग्रिड्स उत्तम. १०० मीटरचे पिक्सेल, मोफत, आणि खाली तपासायला चांगले भूवैज्ञानिक नकाशेही मिळतात. आपल्या मुलखासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे भूकोश हे संकेतस्थळ आणि २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेले राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार पाहा. सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस पुरे, फुकट आहे.

तिन्ही ग्रिड उघडा. प्रत्येकाची वरची-खालची दोन-दोन टक्के टोके रंगांच्या पट्टीतून वगळा, नाहीतर एका खाणीच्या ढिगाऱ्यामुळे बाकी सगळा जिल्हा एकाच रंगात बुडतो. मग तिन्ही एका आभासी रास्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या चित्रफाइलमध्ये, वेगवेगळे बँड (थर) म्हणून जोडा : पोटॅशियम लाल, थोरियम हिरवा, युरेनियम निळा. हा क्रम जगभर रूढ आहे, स्वतःची कल्पकता इथे दाखवू नका. तिन्ही भरपूर असलेली जागा पांढरी दिसेल, तिन्ही नसलेली काळी.

त्याखाली उंचसखलपणाचा छायानकाशा ठेवा, आणि बाजूला उपग्रह-चित्र कायम उघडे असू द्या. हे उपग्रह-चित्रच सर्वांत महत्त्वाचे आहे. काळ्या मातीच्या मुलखात मला एकदा एक झकास उजळ डाग मिळाला होता, युरेनियम आणि थोरियम दोन्ही वर. दोन दिवस मनात मांडे खाल्ले. मग लक्षात आले की डागाच्या कडा सरळ आहेत आणि कोपरे काटकोनात. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचे तळे होते ते. कोळसा जळतो, आणि त्यातले युरेनियम-थोरियम राखेत एकवटून राहतात. तेव्हापासून रस्ता, तळे, खडी-केंद्र, खाणीचा कचरा हे आधी वगळतो, नंतर भूविज्ञान.

चौथी पायरी : रंगांवरून खडक

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टने झाकलेला. बेसाल्टमध्ये पोटॅशियम अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, युरेनियम एक पीपीएमच्याही खाली. त्यामुळे तिरंगी नकाशावर आपला मुलूख काळोखाच. विदर्भाच्या पूर्वेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे सरकलात की ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) सुरू होतात आणि नकाशा पहाटेसारखा उजळतो : पोटॅशियम तीन-चार टक्के, थोरियम पंधरा-वीस पीपीएम. ही सीमा इतकी ठळक असते की नवख्यालाही हाताने रेघ मारता यावी.

पण सगळे इतके सरळ नसते. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. लाखो वर्षे पावसाने धुऊन त्यातले पोटॅशियम जवळपास संपलेले, थोरियम मात्र हलत नाही, लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून राहतो. म्हणून जांभ्याचे पठार खालच्या खडकापेक्षा हिरवट दिसते. मूळ खडक तोच, फक्त कातडी बदललेली. नदीकाठचा गाळही असाच फसवतो. वैनगंगेसारखी नदी नाइसच्या मुलखातून येते, तिकडचे पोटॅशियम असलेले फेल्डस्पार आणि अभ्रक वाहून आणते, आणि काठाची पट्टी लालसर दिसते. खाली कुठला खडक आहे ह्याचा त्या लालीशी संबंध नाही.

समुद्रकिनारा हा आणखी एक धडा. केरळमधले चवरा, तमिळनाडूतले मनवलकुरिची, ओडिशातले छत्रपूर : इथल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि मोनाझाइटमध्ये थोरियम, त्यामुळे हवेतून ते ठळक दिसतात. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे काळे खनिज आहे, पण ती वाळू मुख्यतः बेसाल्टची लेक. बेसाल्टमध्ये मोनाझाइट नाही, म्हणून तिचा थोरियमही नगण्य. दोन्ही ‘काळी वाळू’, दोन्हींत इल्मेनाइट, आणि गॅमा नकाशाला एक दिसते, दुसरी दिसत नाही.

ह्या पद्धतीचे खरे सुख मात्र मला बेसाल्टच्याच काळोखात वाटते, कारण तिथे लहानसा दिवाही दिसतो. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडोंगर आहे. तिथला कार्बोनेटाइट, म्हणजे शिलारसातून थिजलेला कार्बोनेटचा खडक, भूवैज्ञानिक सुखेश्वाला आणि उदास ह्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. सुखेश्वाला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले. त्यांनी तो पायी फिरून, खडक पाहून ओळखला, विमानातून नव्हे. पण कार्बोनेटाइटमध्ये दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांबरोबर थोरियमही येतो, आणि भोवती बेसाल्ट. असा गोल किंवा कंकणाकृती थोरियमचा ठिपका बेसाल्टच्या मुलखात कुठे दिसला, तर तो माझ्या यादीत वर जातो, मग युरेनियम असो वा नसो. गॅमा नकाशा फक्त युरेनियमवाल्यांसाठी आहे, हा समज इथेच सोडा.

पाचवी पायरी : भागाकार

तांबे आणि सोने गॅमा किरण सोडत नाहीत. मग त्यांच्या शोधात हा नकाशा कशाला?

ती खनिजे आणणारे गरम द्राव वाटेतल्या खडकात पोटॅशियम भरतात, फेल्डस्पार, अभ्रक किंवा सेरिसाइटच्या (बारीक अभ्रकाच्या) रूपात. थोरियम मात्र त्यांच्याबरोबर सहसा वाढत नाही. साध्या ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम जास्त असला तर थोरियमही जास्त असतो, दोघे हातात हात घालून चालतात. द्रावांनी बदललेल्या खडकात पोटॅशियम एकटाच पुढे निघून जातो. म्हणून थोरियमला पोटॅशियमने भागा आणि हे गुणोत्तर कुठे खड्ड्यात गेले ते पाहा. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खाण ह्यासाठी चांगले उदाहरण. गोंदियाकरांना फार लांबची नाही. तिथे तांबे ग्रॅनाइटी खडकात आहे आणि शिरांभोवती गुलाबी पोटॅशियम-फेल्डस्पारचा बदल दिसतो. अशा जागी नुसता पोटॅशियमचा नकाशा अर्धवट मदत करतो, कारण आजूबाजूचा ग्रॅनाइटही लालच. गुणोत्तराने फरक कळण्याची शक्यता वाढते.

भागाकाराचा धोकाही आहे. पोटॅशियम शून्याच्या जवळ असला की गुणोत्तर आभाळाला भिडते. आपल्या बेसाल्टवर आणि पाण्यावर हे हमखास होते. ०.२५ टक्क्यांखालचा पोटॅशियम आधी झाकून टाका, मग भागा. दुसरे म्हणजे, गुणोत्तराला ओलावा आणि झाडीचा त्रास कमी होतो, कारण दोन्ही खिडक्या साधारण सारख्याच प्रमाणात मंदावतात. ओल्या मुलखात मी म्हणूनच आधी गुणोत्तरेच उघडतो.

आणि हे सगळे चुंबकीय नकाशाशेजारी ठेवून. तो सहसा त्याच विमानात, त्याच उड्डाणात मोजलेला असतो. पोटॅशियम वाढलेला आणि चुंबकत्व घटलेले, कारण द्रावांनी मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज नष्ट केले, अशी जोडी एखाद्या भ्रंशावर सापडली तर ती जागा पायी जाण्याच्या लायकीची.

सहावी पायरी : पायी

दहा-बारा ठिकाणे निवडा, त्यात दोन मुद्दाम ‘काही नसलेली’. ती तुलनेसाठी. हातात धरायचा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे विमानातल्यासारखेच छोटे गॅमा मोजयंत्र, घ्या, दरेक जागी तीनेक मिनिटे मोजा. घाई केली तर वरचा ±५ चा हिशेब आठवा.

मोजताना जागेची भूमिती सारखी ठेवा. सपाट जमिनीवर यंत्राला खालच्या अर्ध्या गोलातून किरण मिळतात. तेच यंत्र विहिरीत, चरात किंवा अरुंद नाल्यात उतरवले की भिंतींतूनही मिळतात, आणि आकडा दुपटीजवळ जाऊ शकतो. खडक तोच. खड्ड्यात आकडा वाढला म्हणून ‘खाली समृद्ध आहे’ असे लिहिणारी एक नोंदवही मी तपासली आहे. चूक माझ्याच हाताखालच्या मुलाची होती, म्हणजे सांगायचे माझे राहिले होते.

ग्रॅनाइटचा बांध, मंदिराचा चौथरा, खडी टाकलेला रस्ता ह्यांपासून दहा मीटर लांब उभे राहा. मातीचा ओलावा, उतार, आदल्या आठवड्यातला पाऊस वहीत लिहा. उजळ जागी नमुना घ्या, आणि शेजारच्या मंद जागीही घ्या. प्रयोगशाळेत रासायनिक युरेनियम मोजून घ्या आणि ‘ई’वाल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळले तर साखळी समतोलात आहे. नाही जुळले तर भूजल कुठून कुठे वाहते ते शोधायला लागा, कदाचित युरेनियम उताराच्या खाली कुठेतरी थांबला असेल.

एक कायदेशीर गोष्टही. खाणी आणि खनिजे कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियमची खनिजे अणुखनिजांच्या यादीतून निघाली. युरेनियम आणि थोरियम त्या यादीतच आहेत. तुमच्या तांब्याच्या किंवा दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या कामात युरेनियमचा आकडा अनपेक्षित वर आला, तर नमुने दुसरीकडे पाठवण्याआधी फाइल घेऊन एएमडीच्या जवळच्या कार्यालयात जा.